बूट रुळवणारा मामा

लोखंडी पत्र्यांच्या त्या गोदामात त्याला सगळे साचा म्हणत. बूट शिवताना तो ज्या लाकडी पावलावर चढवतात, त्यावरून कुणीतरी कधीतरी हे नाव ठेवलं होतं. ते त्याला असं चिकटलं की हजेरी घेणारासुद्धा क्षणभर थांबून त्याचं खरं नाव आठवे. काम त्याचं क्रेनच्या हुकाला माल बांधण्याचं. पत्र्यांच्या थप्पीखालून साखळ्या ओवायच्या, हुकात अडकवायच्या, ताण सारखा आला की नाही ते पाहायचं आणि हात वर करून क्रेन चालवणाऱ्याला खूण करायची. हे काम तो इतक्या निगुतीने करी की त्याबद्दल कुणी कधी काही बोलत नसे. लोक बोलत ते त्याच्या पायांबद्दल.

गोदामात सेफ्टीच्या बुटांशिवाय पाऊल टाकायला बंदी होती. बोटांवर लोखंडी टोपी असलेले ते जाड काळे बूट स्टोअरमधून मिळत, आणि नवे असताना ते असे काही चावत की भलाभला गडी दुपारपर्यंत बदकासारखा चालू लागे. साच्याच्या पायांची कातडी मात्र निबर. त्याला चावून चावून बूटच दमत. त्यामुळे नवा जोड हातात आला की माणूस तो पायात घालत नसे, साच्याच्या बाकाखाली नेऊन ठेवत असे. साचा तो घालून आठवडाभर वावरे. टाचेपाशी वाकवे, जीभ चोळे, शिवणीवर तेलाचं बोट फिरवे आणि परत देताना म्हणे, "घे. आता माणसात आलाय."

कधी एकाच वेळी दोन जोड आले, तर त्यावरही त्याची तोड होती. एक दिवस उजव्या पायात ट्रक ड्रायव्हरचा बूट आणि डाव्यात पत्रे कापणाऱ्या कटरवाल्याचा, दुसऱ्या दिवशी उलट. गोदाम हसे. तो म्हणे, "हसा. दोघांनाही सारखा वेळ देतोय, उगीच एकाला वाटायला नको."

त्याला हे आवडे, आणि त्याचं कारण बुटांपेक्षा वेगळं होतं. बूट ठेवायला आलेला माणूस दोन मिनिटं बाकावर टेके. टेकला की बोले. कुणाच्या घरी बाळ झालेलं असे, कुणाचं भावाशी वाजलेलं असे. साखळ्या बांधणाऱ्याशी एरवी कोण कशाला गप्पा मारायला येतो?

त्याची भाची या गोदामात कामाला लागली तेव्हा त्याची छाती चांगली चार बोटं फुगली. बहिणीची मुलगी ती. क्रेन चालवायचं शिक्षण घेऊन आली होती आणि मामा-मामीकडेच राहत होती. चणीने बारीक, हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ. इथली क्रेन जमिनीवरूनच चालवायची होती. वरून लोंबणारी बटणांची पेटी हातात धरायची आणि हवेत चाललेल्या मालाच्या बाजूने, थोडं अंतर राखून, आपणही चालायचं. मामा माल बांधे, भाची उचले. पहिल्याच दिवशी तिने पत्र्यांची थप्पी ट्रकमध्ये अशी अलगद टेकवली की ड्रायव्हरने विचारलं, "ठेवली नाहीस का अजून?" त्याला धक्काच जाणवला नव्हता.

सगळं छान होतं. फक्त बूट सोडून.

स्टोअरमध्ये सहापेक्षा लहान नंबरचा जोड नव्हता. तिचा पाय चाराच्या आसपासचा. स्टोअरवाला म्हणाला, "पुढे कापूस भर, काही होत नाही." मामा म्हणाला, "मोजे दोन घाल. चामडं जरा रुळू दे, मग बघ." तिने कापूस भरला, मोजे दोन घातले आणि मामावर विश्वास ठेवून चालत राहिली. पाय आत पुढेमागे घसरे. पुढे गेला की नखं टोपीवर आपटत, मागे आला की टाच वर उचलली जाऊन घासली जाई. तिने कुणाला सांगितलं नाही. तक्रार केली की लोक म्हणणार, बायकांचं कामच नाही हे. त्यापेक्षा लंगडणं बरं, असं तिला वाटलं.

पण लंगडणं काही लपत नाही. शनिवारी सुट्टी व्हायच्या सुमारास सुपरवायझरने साच्याला बाजूला घेतलं. माणूस कडक, पण मनाचा वाईट नव्हता.

"तुझी भाची कामाला चोख आहे," तो म्हणाला. "हात स्थिर आहे. पण चालते कशी, ते बघतोस ना?"

"बूट नवे आहेत साहेब. रुळतील."

"तुझं ते रुळणं जरा बाजूला ठेव. माल हवेत असताना तिचं लक्ष हुकाकडे पाहिजे, टाचेकडे नको. काल वळणावर पाय मुडपला तिचा. माल हातभर झोकांडला. नशीब, खाली कुणी नव्हतं."

साच्याने ते पाहिलं होतं. पाहूनही तो गप्प राहिला होता.

"वजनकाट्याच्या केबिनमध्ये जागा रिकामी आहे," सुपरवायझर पुढे म्हणाला. "खुर्ची आहे, पंखा आहे, पगारही हाच. सोमवारी बघतो. अशीच चालत असली, तर तिकडे बसवतो. शिक्षा म्हणून नाही रे, तिच्या भल्यासाठीच."

घरी जाताना साच्याने तिला हे सांगितलं. सांगताना पंख्यावर जरा जास्तच भर दिला.

"पंख्याखाली बसायला मला कुणीही बसवेल, मामा," भाची म्हणाली. "तीन टन पत्रा बोटाच्या टोकावर कोण देणार? मी केबिनमध्ये नाही जाणार."

"अगं, पण पाय..."

"पाय माझे आहेत ना? मग मी बघेन." आणि ती पुढे चालू लागली, तीही लंगडतच. त्यामुळे रागाला म्हणावा तसा जोर आला नाही.

रविवारी सकाळी साचा लवकर उठला. भाचीचे बूट घेऊन तो मागच्या पायरीवर बसला. चामडं तेलाने चोळलं, टाचेपाशी मुठीने ठोकलं, जीभ पिळून काढली. तरी त्याचं समाधान होईना. हाताने केलेलं ते हाताने केलेलं. पायाने केल्याशिवाय बूट रुळत नाही, हा त्याचा जन्माचा अनुभव. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि उजवा पाय भाचीच्या बुटात घातला. घातला म्हणजे काय, कोंबला. जोर लावून, दात आवळून, टाच आदळून पाय कसाबसा आत गेला. आणि आतच राहिला.

जरा वेळ त्याने स्वतःच खटपट केली. मग नाइलाजाने हाक मारली, "अगं, ऐकतेस का? जरा बाहेर ये."

मामी शिवणाच्या मशीनवर बसली होती. घरबसल्या ती अख्ख्या गल्लीचे कपडे शिवून देई. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच ठेवून ती बाहेर आली आणि दारातच थबकली.

"हे काय?"

"निघत नाहीये."

"ते दिसतंय. गेला कशाला?"

"रुळवत होतो."

तेवढ्यात भाची आली. मामाची अवस्था पाहून तिला आधी रडू येईल की हसू, हे तिचं तिलाच कळेना. मग दोघींनी मिळून ओढायला सुरुवात केली. मामीने मामाला काखांत हात घालून धरलं, भाचीने बूट धरला. "हळू! टाच! अगं माझी टाच!" असा आरडाओरडा झाला. पलीकडच्या खिडकीतून शेजारीण डोकावली. शेवटी बूट निघाला तो मोजा आणि टाचेची थोडी कातडी घेऊनच. भाची बुटासकट मागे बसली.

"निबर पाय म्हणे," मामी म्हणाली.

साचा टाच धरून बसला होता. मामी त्याच्याजवळ पायरीवर टेकली. आवाज खाली आणून, पण शब्द न गिळता ती म्हणाली, "अहो, मला एक सांगा. माझ्याकडे बाई झगा शिवायला येते. मी तिला असं म्हणते का, की आधी चार दिवस शेजारणीला घालायला द्या, म्हणजे तुम्हाला बसेल?"

भाची खुदकन हसली.

"झगा आणि बूट एक आहे का?" साचा म्हणाला.

"झगा घट्ट झाला तर फार तर शिवण उसवते. बूट चुकला तर ही पोर केबिनमध्ये जाते. एक कसं असेल?" असं म्हणून तिने गळ्यातली टेप काढली. "ऊठ गं. उभी राहा. सरळ."

तिने भाचीचे दोन्ही पाय मापले. लांबी, चवड्याची रुंदी, वरून घोट्याखालचा फेर. डावा पाय उजव्यापेक्षा जरासा मोठा निघाला. "असतोच," मामी म्हणाली. "खांदेसुद्धा सारखे नसतात कुणाचे. म्हणून तर माप घ्यायचं." आणि साच्याकडे वळून, "आवरा तुम्हीपण. दुकानात जाऊ."

कामाचे बूट विकणारं एक जुनं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार म्हातारा, चष्मा कपाळावर. त्याने तिघांना बसवलं, भाचीच्या पायांकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करतेस, बाळा?"

तिने सांगितलं. तो ऐकत राहिला. फरशी सिमेंटची का, तेल सांडतं का, वाकावं लागतं का, जिने आहेत का, असं एकेक विचारत गेला. साच्याला वाटलं, हा बूट विकतोय की सोयरीक जुळवतोय?

"बरं," दुकानदार शेवटी म्हणाला, "आता जा आणि संध्याकाळी या."

"का? दुकान बंद करताय?" मामीने विचारलं.

"दुकान उघडंच आहे. पाय बंद आहेत अजून. सकाळचा पाय पाहुण्यासारखा असतो, अंग चोरून बसतो. संध्याकाळी घरच्यासारखा पसरतो. तिला काम दिवसभर करायचंय ना? मग भरपूर चाला आणि या. आणि कामावरचे मोजे घालून या, हे असले पातळ नकोत."

मग ती दुपार तिघांनी चालण्यात घालवली. भाचीने टाचेला पट्टी लावून आपल्या जुन्या सपाता घातल्या होत्या. बाजार पालथा घातला, नदीवरच्या पुलावर जाऊन आले, बागेच्या कडेने फिरले. मामीला कितीतरी दिवसांनी असं निरुद्योगी हिंडायला मिळालं होतं. प्रत्येक दुकानाच्या काचेपाशी ती थांबे आणि आतल्या कपड्यांच्या शिलाईला नावं ठेवी. चालता चालता भाचीचं लक्ष मामाच्या पायांकडे गेलं.

"मामा, तू असा पायाच्या कडेवर का चालतोस?"

"कुठे? मी असाच चालतो."

"असाच म्हणजे कडेवर."

"टाच सोलली आहे ना सकाळी."

"टाच एका पायाची सोलली आहे. तू दोन्ही पायांनी तसाच चालतोयस."

साचा पावलं उचलून पुढे झाला. मामी मात्र मागे राहून बराच वेळ त्याच्या चालण्याकडे बघत होती.

संध्याकाळी दुकानदाराने भाचीला लाकडी मापपट्टीवर उभं केलं. "वजन दोन्ही पायांवर टाक. हां. डावा मोठा आहे, त्याच्या मापाने घेऊ." मग त्याने खोकी काढली.

पहिला जोड दिसायला देखणा होता, हलकाही. भाची हरखली. दुकानदाराने तिला उकिडवं बसायला सांगितलं. बसताच तिचा चेहरा बदलला. बोटं दुमडली तशी टोपीची कड वरून रुतली.

"रुळेल तो," साचा सवयीने बोलून गेला.

दुकानदाराने बूट हातात घेतला आणि पुढच्या भागावर नख वाजवलं. "काका, हे चामडं आहे, इथपर्यंत. ते ऐकतं. तेल लावा, घालून फिरा, ऐकतं. पण इथून पुढे लोखंड. ते कुणाचं ऐकत नाही. आज बोटाला लागलं तर ते बूट फाटेपर्यंत लागणार."

"मी इतकी वर्षं लोकांचे बूट रुळवून देतोय," साचा म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं, नवल होतं.

"चामडं मऊ झालं असेल त्यांचं, खोटं नाही."

साच्याने बुटाच्या टोपीवर अंगठा दाबून पाहिला. परत घेतलेले बूट घालून चार पावलं चालणारी माणसं त्याच्या डोळ्यांपुढून गेली. "झकास झालेत," असं सगळेच म्हणत. "थोडं लागतं पुढे, पण ते चालायचंच," असंही पुष्कळ जण म्हणत. ते दुसरं वाक्य त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. त्याला वाईट वाटलं, पण फार नाही. गंमत वाटली ती जास्त. म्हणजे ते बाकावर टेकायचे, ते निव्वळ बुटांसाठी नसणार तर.

दुसऱ्या जोडात टाच वर उचलली जात होती. तिसऱ्याची टोपी लोखंडाऐवजी कसल्याशा कडक फायबरची होती, आतून जरा रुंद, आणि हा जोड मुळात बायकांच्या पायाच्या घडणीवर बेतलेला होता. भाची त्यात उभी राहिली. आत बोटं हलवून पाहिली. दुकानाची पायरी चढली, उतरली. रस्त्यावर जाऊन भराभर चालली, एकदम थांबली, मागे वळली. परत आल्यावर उकिडवी बसली आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं?" मामीने घाबरून विचारलं.

"काहीच नाही," भाची म्हणाली. "तेच तर. काहीच होत नाहीये."

जोड बांधायला दुकानदार उठला, तशी मामी म्हणाली, "थांबा. यांचाही पाय बघा."

"माझा कशाला? माझा आठ," साचा म्हणाला.

"उभे राहा हो."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, माप पाहिलं, पुन्हा पाहिलं. "आठ कुणी सांगितलं तुम्हाला? नऊ आहे. आणि पसरट. आठात घालताय म्हणून कडेवर वजन टाकताय."

"पण मी आठच घालतो. गोदामात बहुतेकांचा आठच असतो."

मामीने कपाळावर हात मारला. "म्हणजे लोकांचे बूट बसावेत म्हणून यांनी पायच आठाचा ठरवून टाकला!"

दुकानदारासकट सगळे हसले. साचाही हसला. मग त्याने नऊ नंबरचा रुंद जोड पायात घातला आणि त्याचं हसू ओसरलं. पायाची बोटं एकमेकांपासून सुटी झाली होती. आपल्याला इतकी बोटं आहेत याची जणू त्याला आठवणच राहिली नव्हती. तो दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालला. कडेवर नाही, सपाट. मामीने त्याचे जुने बूट खोक्यात भरले आणि झाकण लावलं.

सोमवारी सकाळी ट्रक ड्रायव्हर कोरा जोड घेऊन हजर. "साचा, आठवडाभर ठेव रे. फार कडक आहेत."

"आधी घाल बघू. माझ्यासमोर."

"मी? मग तू कशाला आहेस?"

"घाल तर. आता उकिडवा बस."

ड्रायव्हर बसला आणि "आई गं!" म्हणून उठला.

"जा, स्टोअरमधून बदलून आण. मोठा घे. आणला की इथेच ये, आपण बघू." ड्रायव्हर गेला, दुसरा जोड घेऊन आला, तोही जमला नाही म्हणून तिसरा आणला. तेवढ्या वेळात त्याने बाकावर बसून पोरीच्या परीक्षेपासून सासऱ्याच्या दम्याच्या खोकल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. एरवीच्या दोन मिनिटांत हे कधीच मावलं नसतं.

सुपरवायझर आला तो थेट भाचीकडे. "नवे? बाहेरचे?" त्याने बुटाची जीभ उलटी करून आतला शिक्का वाचला. फायबरची टोपी आपल्या कामाला चालते ना, याची खात्री करून घेतली. "ठीक. चल, ती मोठी थप्पी उचल. मी बघतो."

साच्याने साखळ्या ओवल्या, ताण पाहिला. आता करण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. थप्पी जमिनीपासून सुटली. खाली काही अडकलंय का ते पाहायला भाची झटकन उकिडवी बसली, तितक्याच झटकन उठली आणि चालू लागली. नजर हुकावर. वळण आलं. माल वळला, तीही वळली. पायांकडे तिने एकदाही पाहिलं नाही. थप्पी ट्रकच्या तळावर टेकली तेव्हा कुठलाच आवाज झाला नाही.

सुपरवायझरने हनुवटी खाजवली. "मग आता केबिनमध्ये कुणाला बसवू?"

"मला बसवा ना," कटरवाला मागून म्हणाला. "माझे गुडघे केव्हाचे पंखा मागताहेत." यावर अख्खं गोदाम हसलं, पण त्याच्या आवाजातली खरी ओढ सुपरवायझरच्या कानांनी टिपली. "दुपारी येऊन भेट," तो कटरवाल्याला म्हणाला, आणि भाचीकडे बघून नुसती मान हलवत निघून गेला.

साचा अजून तिच्या पायांकडेच बघत उभा होता. रिकामा हूक त्याच्या डोक्यावर येऊन थांबला, तरी त्याला पत्ता नव्हता.

"मामा!" भाची गोदामाच्या त्या टोकावरून ओरडली. "झोपलास का? पुढचं बांध की!"

"आलो, आलो," म्हणत त्याने साखळी उचलली. "जरा दम धर, बये. म्हाताऱ्या माणसाला किती पळवशील?"

"म्हातारा कुठला? नऊ नंबरवाला!"

गोदामाला याचा अर्थ कळला नाही. साचा मात्र गालातल्या गालात हसत खाली वाकला आणि थप्पीखालून साखळी ओवू लागला.